माशांच्या नावाचा कोटा

बारवी धरण भरून वाहू लागलं की डोंबिवलीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. कपात टळली! सुमारे ३३८ दशलक्ष घनमीटरचं धरण किती टक्के भरलं आणि कुठल्या तारखेपर्यंत पुरणार, हे सोसायटीच्या चेअरमनला तोंडपाठ. उल्हास नदीत राहणाऱ्यांचं काय, हे मात्र विचारू नका. वेड्यात काढतील.

नदीत पाणी सोडत नाहीत असं नाही हं. बारवीचं पाणी नदीतूनच जांभूळला येतं. तिकडे मावळातल्या आंध्रा नदीचं पाणी ठोकरवाडीला अडवलंय. ते मूळचं बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. टाटांनी शंभर वर्षांपूर्वी त्याला घाटाखाली वळवलं. भिवपुरीत वीज करून ते उल्हासमध्ये उतरतं, म्हणून कर्जत-नेरळची नदी मे महिन्यातही वाहती दिसते. मासा या सगळ्यात विनातिकीट प्रवासी. आमच्या नळाकडे निघालेल्या पाण्यात तो चढलाय, टीसी येईपर्यंत ठीक. टीसी म्हणजे पंप. बदलापूर, जांभूळ, मोहने, शहाड करत ठाण्यापर्यंतच्या नळांसाठी पाणी उचललं जातं आणि त्या बदल्यात नदीला आमचं सांडपाणी मिळतं. उन्हाळ्यात मोहन्याला जाऊन बघा. जलपर्णी इतकी दाट, की बगळा पाय न भिजवता पलीकडे जाईल. खाली प्राणवायूच्या नावानं बोंब.

पण किती पाणी यापेक्षा कधी पाणी, हे दुखणं मोठं. मृगाच्या सरींनी पहिला गढूळ लोंढा आला की पोटात अंडी घेतलेला मासा उलटा वर चढतो. ही वलगण म्हणजे काय, हे आगरी-कोळ्यांना सांगावं लागत नाही. त्या रात्री पाग, टोपल्या, बॅटऱ्या घेऊन गाव ओढ्यावर लोटतं (तेही माशांच्या मुळावरच, पण तो वेगळा लेख). धरण नेमकं तेव्हाच उपाशी असतं आणि पहिला लोंढा गिळून बसतं. नदीला लोंढा मिळतो तो धरणाचं पोट भरल्यावर, तोवर मुहूर्त टळलेला. विजेच्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. दिव्यांची मागणी वाढली की ते चढणार, घटली की उतरणार. उथळावर घातलेली अंडी उघडी पडली, तर त्यांनी तक्रार कुठल्या टोल-फ्री नंबरवर करायची?

वेळ पाळणं जमत नाही म्हणाल, तर कोलाडला जा. भिऱ्याच्या विजेचं पाणी सकाळी कुंडलिकेत सुटतं आणि ती वेळ धरून राफ्टिंगच्या बोटी लागतात. हेल्मेट घातलेल्याला पाण्याची वेळ कळवता येते. खडस माशाला हेल्मेट नाही. गंमत म्हणजे याच खडसाची, म्हणजे महसीरची, पिल्लं टाटा पॉवर लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून वाढवतेय. हौद तयार आहेत. नदीचं तेवढं बघा.

केंद्रानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना काढली. वरच्या टप्प्यात नोव्हेंबर ते मार्च सरासरी प्रवाहाच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के पाणी नदीत राहू द्यायचं. अंमलबजावणीचं गंगामैया जाणे, पण निदान आकडा तरी आहे. उल्हासकडे पापं धुवायला कुणी आलं नाही. उल्हासनगरनं धुतल्या त्या जीन्स.

मागणी फार नाही. जूनमधला पहिला लोंढा बारवीनं दोन-तीन दिवस तसाच पुढे जाऊ द्यावा. भिवपुरीनं रात्रीही धार तुटू देऊ नये. मोहन्याच्या बंधाऱ्यावरून उन्हाळाभर थोडं स्वच्छ पाणी खाडीकडे सांडू द्यावं. लगेच ओरड होईल, माणसांना प्यायला नाही आणि यांना मासे सुचतायत! बरोबर आहे. मग फुटक्या जलवाहिन्यांचं आणि चोरीच्या जोडण्यांचं पाणी आधी मोजू. पालिकांच्या कागदावर त्याला ‘हिशोबबाह्य पाणी’ असं भारदस्त नाव आहे. त्यातलं थोडं माशांच्या नावावर चढवा आणि कुणाच्या बादलीत तांब्याभर कमी पडलं तर सांगा.