वाळवंटी मुक्काम : मेहुण्यांसाठी आचारसंहिता

कलम १. जैसलमेरजवळच्या खुरी गावात, वाळूच्या टेकड्यांलगत, एखाद्या घरी उतरू इच्छिणाऱ्या (विशेषतः बँकेतून निवृत्त झालेल्या) मेहुण्यांनी 'अटॅच्ड' हा शब्द जैसलमेरलाच सोडून यावा. इथे गोल झोपडी, गवताचं छप्पर आणि सारवलेली जमीन मिळते. खाट अंगणात टाकून मिळते, पण जानेवारीत हा हट्ट धरू नये. पहाटे रजाईसकट आत पळावं लागतं.

कलम २. अंघोळ. या भागात वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा महाबळेश्वरला कधीकधी एका दिवसात पडतो. पडेल तो पाऊस टांक्यात, म्हणजे जमिनीखालच्या हौदात, साठवतात. हौदाभोवतीचं उतरतं अंगण म्हणजे आगोर. ते झाडून लख्ख ठेवतात, कारण त्यावरून वाहिलेलं पाणीच पुढे प्यायचं असतं. जेवण झाल्यावर तिथे चपला घालून शतपावली करू नये. मेहुणे, हे तुम्हालाच! घरची म्हातारी बोलत नाही हो, नुसती चपलांकडे बघते. आणि गरम पाण्याची अर्धी बादली आली की 'दुसरी कधी येणार?' असं विचारू नये. ती येणार नसते.

कलम ३. बूट सकाळी झटकून घालावेत. विंचू असतात.

कलम ४. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. 'नको' म्हणाल्या तर झूम करूनही काढू नयेत.

कलम ५. जेवण. बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी, कढी आणि सगळ्यावर तूप. इथल्या आग्रहाला मनवार म्हणतात. आपल्याकडे तिसऱ्या 'नको'ला वाढणारा हात थांबतो. इथे तो तिथून सुरू होतो. ताटावर आडवा हात धरल्यास तूप हातावर पडतं. पोट भरायच्या दोन सोगरे आधीच नको म्हणायला लागावं. चिवड्याचा डबा उघडू नये; उघडलाच तर पोरांच्या हाती द्यावा.

कलम ६. भुरट. हे काटेरी बी मोज्यांत शिरतं आणि उपटायला गेलं की बोटांत. मेहुणे दुपारभर कुरकुरत एकेक काटा काढत बसले. शेजारी घरातली नात येऊन बसली आणि तिने दुसरा मोजा चुटकीसरशी साफ करून दिला. तेव्हा मेहुणे इतके गोड हसले की तसं हसताना त्यांना बँकेत कुणी पाहिलं नसेल.

कलम ७. पैसे आधी ठरवावेत, ताटावर घासाघीस करू नये.

पुढच्या डिसेंबरात मेहुणे पुन्हा निघालेत. सोबत जायला माणूस हवा आहे. गाडीभाडं निम्मं, चिवडा त्यांचा. इच्छुकांनी लवकर कळवावं, नाहीतर मलाच जावं लागेल.