बोलण्याचा नेम: विधी, पथ्य आणि उद्यापन

सवय लावायला १ जानेवारीइतका वाईट मुहूर्त नाही. आदल्या रात्रीचं जागरण डोळ्यांवर, जिमची वर्षाची फी एकरकमी गेलेली, आणि संकल्पाला साक्षीदार कोण, तर शाळेच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्या मुलखात माणसं केवळ आषाढी एकादशी आली म्हणून चार-चार महिने वांग्याकडे ढुंकून बघत नव्हती, तिथल्यांनी सवयींचं शास्त्र विमानतळावरच्या पुस्तकांतून शिकावं, हे जरा अतिच झालं. सबब हा नेम चातुर्मासात धरावा. कशाचा? घरच्या माणसाशी रोज नीट बोलण्याचा.

इथे कोणीतरी म्हणेल, चार महिने कशाला, २१ दिवसांत सवय लागते. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. नव्या नाकाची रुग्णाला सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायची सवय सुटायला किती लागतात, याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एकेक साधी सवय लावायला सांगून मोजदाद केली. ती २०१० साली छापून आली. सवय अंगवळणी पडायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले. सगळ्यांचा पल्ला मात्र १८ पासून २५४ पर्यंत. आपला चातुर्मास साधारण ११८ दिवसांचा. २०२३ सारखा अधिक श्रावण आला, तर सरळ पाच महिने. आज्यांनी हिशेब सैलच धरला होता, आणि तेच बरोबर होतं.

आता नेम कशासाठी, तो आजार बघू. मुलगा हिंजवडीत, आई कराडला. रोजचा फोन असा:

‘काय चाललंय?’

‘काही नाही. तुझं?’

‘काही नाही. जेवलीस?’

‘जेवले. तू?’

‘हो. पाऊस?’

‘आहे की.’

‘बरं, ठेवू मग?’

‘ठेव. ... अरे, ते एक राहिलंच. परवा जरा गरगरल्यासारखं झालं होतं. तसं काही नाही. ठेव तू.’

आणि हा ठेवतो! फोन रोज होतो, म्हणजे सवय आहे. पण त्यात सवयीपलीकडे काही नाही. १९७३ साली शेग्लॉफ आणि सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी माणसं फोन कसा आटोपतात यावर एक अख्खा निबंध लिहिला. त्यांचं निरीक्षण असं की, ‘ठेवू मग?’सारखी आटोपतं घेण्याची खूण झाली की एक फट उघडते आणि आतापर्यंत न निघालेला विषय नेमका तिथून आत येतो. कराडच्या आईने हा निबंध वाचलेला नाही, पण ती तो रोज सिद्ध करते. म्हणून नेमाचं पहिलं कलम: ‘ठेवू?’ हे वाक्य फोनच्या शेवटी नव्हे, मध्यावर म्हणावं. पुढचा अर्धा वेळ तिचा.

वेळेचं कलम सोपं आहे. ‘सवड मिळाली की करीन’ असा नेम जगात कोणी पाळलेला नाही. श्रावणी सोमवार सोमवारीच का येतो, याचा विचार करावा. पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ हेच ‘अमुक झालं की तमुक करायचं’ अशा शब्दांत सांगतात. तेव्हा जेवणाचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं की फोन. आईच्या मालिकेची वेळ तेवढी आधी माहीत करून घ्यावी, नाहीतर चारी महिने हुंकारच ऐकायला मिळतील.

पथ्य मात्र कडक आहे. चातुर्मासात काहीतरी सोडावं लागतं. इथे वांगं खाल्लं तरी चालेल; सल्ला सोडायचा आहे. हे एकदम जमणार नाही हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी ठेवली आणि कांदाभजी पोटभर खायची मुभा दिली. तशीच या नवमीला साठलेली अक्कल मोकळी करावी. मेहुण्याला म्युच्युअल फंड सांगावेत. शेजारच्या काकांना गुडघ्यासाठी मेथी सुचवावी. बायको गाडी मागे घेत असताना मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे, अगं डावीकडे!’ हे शेवटचं एकदा ओरडून घ्यावं. एकादशीपासून तोंडाला कुलूप.

मग बोलायचं काय? विचारायचं. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न साबुदाण्याच्या खिचडीसारखा आहे: नेमात बसतो, पण उपास काही घडत नाही. आधीच्या उत्तरातून निघतो तो खरा प्रश्न. आई म्हणाली, ‘आज भिशी होती, पण मी गेले नाही.’ यावर ‘बरं’ म्हटलं की नेम बुडाला. ‘जायला हवं होतंस, पाय मोकळे झाले असते’ म्हटलं की पथ्यही मोडलं. ‘का गं?’ एवढंच म्हणावं आणि थांबावं.

थांबणं सगळ्यांत अवघड. २००९ साली दहा भाषांतलं संभाषण मोजलं गेलं, तेव्हा एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो, असं दिसलं. त्या दहांत मराठी नव्हती. असती तर आमच्या घरांमुळे आकडा उणे निघाला असता; आमच्याकडे प्रश्न संपायच्या आत उत्तर येतं आणि ते बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. उपाय असा: ‘का गं?’ नंतर पाण्याचा घोट घ्यावा आणि तो तोंडातच धरावा. आई दोनदा ‘ऐकतोयस ना?’ म्हणेल. हुंकार नाकातून देता येतो.

एखाद्या दिवशी नेम चुकणारच. श्रावणातल्या कहाण्यांत वसा टाकला की राज्य जातं आणि राणीला दारोदार फिरावं लागतं. लंडनच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही असं निघालं. मुलांनी लंडनचं मानावं. आया कहाणीच मानतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सुरुवातीची पाच मिनिटं ‘काल कुठे होतास?’ यात जातील. तीही नेमातच धरावीत. त्या पाच मिनिटांत ती निदान मोकळेपणाने बोलत असते.

कार्तिकी एकादशीनंतर उद्यापन. रीत अशी की, चार महिने जे सोडलं ते दान द्यायचं आणि मग पुन्हा तोंडाला लावायचं. म्हणजे आता सल्ला दान करणं आलं, आणि दानाला सत्पात्र माणूस हवा. घरात तो मिळणार नाही, मेहुणा फोन उचलत नाही. सोसायटीच्या सचिवांना गाठावं. पार्किंगच्या वादावर त्यांना गेली काही वर्षं सल्ला हवाच आहे, आणि न वाचता सही करून पोच देण्याची सोय फक्त त्यांच्याकडेच आहे.