मैदान मुलांचं आहे, गाजरगवता!

प्रति,
गाजरगवत ऊर्फ काँग्रेस गवत,
मुक्काम घसरगुंडीखाली, हुबळी-धारवाड

गाजरगवता,

नमस्कार घालावा इतकी तुझी लायकी नाही. जूनचा पाऊस पडला की धारवाडच्या आमच्या वसाहतीतल्या बागेत मुलांच्या आधी तूच हजर! सुरुवातीला गाजरासारखी पानं जमिनीलगत पसरून गप्प बसतंस. बघणाऱ्याला वाटतं, छान हिरवळ आली. मग दांडा वर जातो, पांढरी फुलं येतात आणि पोरी तीच खुडून भातुकलीचा भात शिजवतात. पुढे कुणाच्या मानेवर, कुणाच्या पापण्यांवर खाज उठते. तुझ्यातल्या पार्थेनिनने त्वचेवर पुरळ येतं, परागाने दम्याच्या पोरांना धाप लागते. मुलांच्या खेळात शिरून त्यांनाच छळायचं, ही तुझी मर्दुमकी!

अमेरिका खंडातून आलेलं तू 1955च्या सुमारास पुण्यात दिसलंस आणि देशभर पसरलंस. कर्नाटकाने 1975 मध्ये तुला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. 1984 मध्ये बंगळुरात मेक्सिकन भुंगेरे सोडले. ते पावसाळ्यात तुझी पानं फस्त करतात, पण कोरड्या दिवसांत मातीत दडतात. तुझ्या एका मोठ्या रोपाला मात्र 15,000 ते 25,000 बिया!

तुला खरं बळ आम्हीच दिलं. पंधरा ऑगस्ट जवळ आला की यंत्र फिरवायचं, वरवर कापायचं, फोटो काढायचे. तू बुडख्यातून पुन्हा फुटतंस, पुन्हा फुलतंस. फुलावर आल्यावर कापलं तर बिया आम्हीच मैदानभर उडवतो.

म्हणून ही जाहीर नोटीस. यंदा फुलं यायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून तुला मुळासकट उपटू. हे काम मोठ्यांचं. पोरांना त्याला जुंपायचं नाही. झोपाळ्याखाली, घसरगुंडीखाली जाड वाळू टाकू. तिथे तू नकोस आणि शोभेची वेलही नको. पडणाऱ्या पोराला मऊ जागा मिळाली पाहिजे, काच किंवा विंचू असला तर तो दिसला पाहिजे. बाकीच्या उघड्या मातीत हरळी लावू, म्हणजे तुला पाय ठेवायला जागा उरणार नाही.

तुझ्या बिया मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, हे ठाऊक आहे. पुढच्या पावसातही उपटू, त्याच्या पुढच्याही.

तुझ्या मुळावर उठलेला,
धारवाडचा एक आजोबा