हात न लावता सँ-सिर्क-लापोपी

नैऋत्य फ्रान्समधल्या लॉत नदीला सरळ जाणं ठाऊक नाही. केर्सी भागातल्या चुनखडीच्या पठारांतून ती इतकी वळणं घेते की काठाकाठाने गाडी हाकणाऱ्याला एकच कडा तीनदा भेटतो आणि तिन्ही वेळा तो वेगळाच समजून त्याचे फोटो काढले जातात. अशाच एका वळणावर, नदीपासून सुमारे १०० मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाला सँ-सिर्क-लापोपी हे गाव चिकटून बसलं आहे. कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी तेवढी माणसं नुसत्या आइस्क्रीमच्या रांगेत सापडतील.

याला कारण फ्रेंचांची यादी करण्याची हौस. १९८२ साली कोलोंज-ला-रूज या गावाचे सरपंच शार्ल सेराक यांनी ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ अशी एक संघटनाच काढली. सदस्य व्हायचं तर वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि गावात संरक्षित म्हणून जाहीर झालेली किमान दोन स्थळं हवीत. सँ-सिर्क या यादीत आहे. त्यात भर म्हणून २०१२ साली फ्रेंच टीव्हीने देशाचं लाडकं गाव कोणतं यावर प्रेक्षकांचा कौल पहिल्यांदा घेतला आणि तो याच गावाच्या बाजूने लागला. गाव अतिशय शांत आहे अशी बातमी देशभर पोचली आणि ती शांतता ऐकायला देश लोटला.

पोचण्याचे मार्ग दोन. पहिला बिनगाडीवाल्यांचा. पॅरिस–तुलूझ मार्गावरच्या काओर स्टेशनवर उतरायचं आणि फिजाकला जाणारी बस पकडायची. या बसच्या सोबतीला दरीतून एक रेल्वेमार्गही वळणं घेत जातो. बोगदे, पूल, सगळं जागच्या जागी आहे. फक्त त्यावरून प्रवासी गाडी धावत नाही. बस तूर-द-फोर या गावाशी सोडते. तिथून पूल ओलांडायचा आणि मान वर करायची. गाव दिसतं हाकेच्या अंतरावर, पण हाक सरळ वर जाते आणि रस्ता नागमोडी. दुसरा मार्ग गाडीवाल्यांचा. त्यांना गाडी गावाच्या वरच्या अंगाला, पैसे मोजून, लावावी लागते. मग उतरत उतरत गावात शिरायचं. हा उतार फार सुखाचा असतो. त्याची वसुली परतताना होते, तीही जेवण पोटात असताना.

गावात शिरल्यावर एक अडचण लक्षात येते. ज्या दृश्यासाठी माणूस एवढ्या लांब आला, ते दृश्य गावात नाही. कड्यावरची घरं, उभी तपकिरी छपरं, त्यांच्यावर मांड ठोकून बसलेलं तटबंदीसारखं चर्च आणि खाली हिरवी नदी, हे सगळं एकत्र दिसतं ते गावाबाहेरच्या वळणावरून. आत असतात त्या गल्ल्या, इतक्या उभ्या की एका घराचा उंबरा शेजाऱ्याच्या कौलाच्या पातळीवर यावा. पायाखाली गुळगुळीत झालेले दगड. पाहुणे त्यावरून ज्या सावध पावलांनी उतरतात, त्याला लांबून पाहणारा भक्तिभाव समजतो.

सर्वांत वर किल्ला आहे, म्हणजे होता. या खडकावर मध्ययुगात लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक अशा घराण्यांची एकत्र मालकी होती आणि प्रत्येकाने आपापला स्वतंत्र बुरूज उठवला होता. भाऊबंदकी ही काही कुणा एका देशाची मिरास नाही. १४७१ साली अकराव्या लुईने किल्ला पाडण्याचा हुकूम काढला. तरी बरंच काही उरलं असावं, कारण १५८० साली नावारच्या हेन्रीला उरलेलं पुन्हा पाडायला सांगावं लागलं. सरकारी कामाला वेळ लागतो. आज तिथे भिंतींचे चार अवशेष आहेत, वारा आहे, आणि ‘किल्ला कुठे आहे?’ असं किल्ल्यावर उभं राहून विचारणारे पाहुणे आहेत.

गावाचं पोट मात्र लढाईवर नव्हतं. ते चालायचं लाकडावर. इथले कारागीर चरकावर लाकूड कातून दारूच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या बनवत. बाजूलाच काओरची द्राक्षमळ्यांची जमीन, तिथली वाइन गडद, जवळजवळ काळी. म्हणजे पिंपं भरपूर आणि गिऱ्हाईक बारमाही. जगात कुठे क्रांती होवो, राजा जावो, पिंप उघडण्याचं काम थांबत नसतं. धातूच्या तोट्या आणि कारखाने आले तेव्हा मात्र धंदा बसला, माणसं पांगली, घरं पडू लागली. ती पडकी घरं मग चित्रकारांना सुंदर दिसू लागली. पडक्या घराचं भाडंही सुंदर असतं.

इथे आलेल्या कलावंतांत सर्वांत गाजलेला म्हणजे कवी आंद्रे ब्रतों. १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणारा, स्वप्नाला वास्तवाच्या वर बसवणारा हा माणूस १९५० च्या जून महिन्यात इथे आला. रात्रीची वेळ होती आणि एका समारंभासाठी लावलेल्या शोभेच्या रंगीत दारूच्या उजेडात त्याला गाव दिसलं. पुढच्याच वर्षी त्याने तिथे जुनं घर घेतलं आणि १९६६ मध्ये मरण येईपर्यंतचे उन्हाळे तिथे काढले. इथे आल्यावर आपल्याला दुसरीकडे कुठे असावंसं वाटेनासं झालं, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. ग्रामपंचायतीला याहून स्वस्तात जाहिरात लिहून मिळाली नसती. दिवसा हा कवी नदीच्या पात्रात वाकून अकीक शोधत हिंडे. लॉतच्या काठी आजही पर्यटक वाकलेले दिसतात, पण ते बहुधा होडीतून पडलेला चष्मा शोधत असतात.

होडीकडे येण्याआधी जेवण उरकलेलं बरं, कारण इथल्या खानावळींची चूल दुपारी दोनच्या सुमाराला विझते आणि मग फ्रेंच राज्यघटनाही ती पेटवू शकत नाही. मेन्यूवर बदकाचं राज्य. बदकाची तंगडी, बदकाचं काळीज, सॅलडवर बदकाच्या पोटातले तुकडे, आणि ‘नुसते बटाटे चालतील’ म्हणणाऱ्यापुढे येणारे बटाटेही बदकाच्या चरबीत परतलेले. शाकाहारी माणसाला तारते ती शेळी. रोकामादूर नावाची, तिच्या दुधाच्या चीजची छोटी चकती, पाव भाजून त्यावर ठेवलेली, कडेने नुकती पाझरायला लागलेली, वर याच भागातले अक्रोड. एका चकतीने भूक भागत नाही, पण दुसरी मागवताना कुणी नावं ठेवत नाही.

खाली बुझियेस गावापासून सँ-सिर्ककडे येणारी नदीकाठची पायवाट ही इथली सर्वांत मजेची गोष्ट. पूर्वी मालाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध दोरखंडाने ओढून नेत, माणसं नाहीतर घोडे लावून. एका ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरलेला. ओढणाऱ्याने पाय ठेवायचा कुठे? म्हणून १९व्या शतकात तो कडाच आतून कोरून काढला. वर खडक, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला नदी. उंच माणूस इथे आपोआप नम्र होतो. या भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने १९८० च्या दशकात मासे, शंख-शिंपले, पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत, आणि निम्मे लोक ती जीवाश्मं समजून मुलांना डायनासोरचा काळ समजावून सांगतात.

होड्या आता सुट्टीवाल्यांच्या आहेत. फ्रान्समध्ये अशी घरवजा होडी भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. तासाभराची शिकवणी पुरते. खरी परीक्षा लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून होडी पुढे सोडणाऱ्या दारांच्या हौदात होते. लॉतवरचे लॉक होडीवाल्यांनी स्वतः हाताने चालवायचे असतात. वडील सुकाणूपाशी उभे राहून कप्तानाच्या आवाजात सूचना देतात. आई काठावर उडी मारून लोखंडी दांडा फिरवते, झडप उघडते, पाणी उतरतं, दोर तिच्याच हातात. मोठा मुलगा व्हिडिओ काढतो. दार उघडल्यावर ‘जमलं!’ असं वडील म्हणतात.

थोड्या अंतरावर सेले नदीच्या खोऱ्यात काब्रेरे गाव आणि त्याच्या डोक्यावर पेश मेर्लची गुहा. १९२२ साली आंद्रे दाविद आणि आंरी द्युतेर्त्र ही दोन पोरं अरुंद भोकांतून सरपटत आत शिरली आणि हजारो वर्षं कुणी न पाहिलेल्या चित्रांसमोर जाऊन उभी राहिली. मॅमथ, रानबैल, हाताभोवती रंग फुंकून उमटवलेले पंजे, गोठलेल्या चिखलातली कोवळी पावलं, आणि अंगभर ठिपके असलेले दोन घोडे, वय सुमारे २९ हजार वर्षं. आज दिवसाला ७०० जणांनाच प्रवेश, फोटो बंद, आणि गाइडची नजर पाहुण्यांच्या बोटांवर.

त्या नजरेला इतिहास आहे. १९५२ साली आपला ब्रतों इथे आला. भिंतीवरचं मॅमथचं चित्र त्याला संशयास्पद वाटलं, म्हणून त्याने त्यावर सरळ अंगठा घासून पाहिला. गुहा दाखवणाऱ्याने त्याच्या हातावर काठी मारली. वादावादी झाली, प्रकरण काओरच्या कोर्टात गेलं आणि स्वप्नांच्या सरसेनापतीला वास्तव फ्रँकमध्ये दंड झाला.

त्या ठिपक्यांच्या घोड्यांबद्दल मात्र विद्वान पुष्कळ वर्षं म्हणत होते की असले घोडे तेव्हा नव्हतेच, हा चित्रकाराच्या कल्पनेचा किंवा तंद्रीचा खेळ. २०११ साली प्राचीन घोड्यांच्या हाडांतला डीएनए तपासला गेला आणि त्या काळच्या युरोपातल्या काही घोड्यांत ठिपक्यांचं जनुक निघालं. चित्रकाराने समोर दिसलं तसं काढलं असावं. बाहेरच्या दुकानात हेच घोडे चुंबकावर, पेल्यावर आणि टॉवेलवर विकायला असतात, आणि गुहेत तासभर हात खिशात ठेवून हिंडलेली माणसं तिथे एकेक वस्तू उचलून, चोळून, उलटून, किंमत पाहून परत ठेवतात.