उचलीचे वारस

दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातली गावं ओस पडू लागतात. पाटोदा, धारूर, वडवणी, केजकडून ऊसतोडीसाठी ट्रक भरतात: भांडीकुंडी, कोयते, शेळ्या आणि पोरं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. घरी सांभाळायला आजी असेल तर पोर गावात राहून शाळा शिकतं. नसेल तर उसाच्या फडात जातं.

फडात दहा वर्षांची पोरगी काय करते, ते एकदा बघून या. झोळीतल्या भावाला झोका देते, कोपीवर पाणी भरते, आईने तोडलेल्या उसाचं वाढं गोळा करून पेंढ्या बांधते. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं; वर्गात ती उगवते परीक्षेच्या तोंडावर. आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. आईबापांकडून तिला मिळालेली इस्टेट ही एवढी.

पुण्यात तिच्याच वयाच्या मुलाच्या नावावर फ्लॅट असतो, फंडात पैसे असतात. आईबापांनी लेकराला दिलेल्या भेटीवर लेकराला कर नाही. सप्टेंबर २०२४ पासून ‘एनपीएस वात्सल्य’मध्ये अज्ञान मुलाचं पेन्शन खातंही उघडता येतं. त्यात त्या मुलाचा दोष नाही, आईबापांचाही नाही. लेकरासाठी साठवणं कुणाला चुकलंय?

चूक सरकारची आहे. मोठ्या वारशावर कर घेणारा कायदा या देशात १९५३ पासून होता. वसुली तुटपुंजी, व्याप फार, असं सांगून १९८५ साली तो मोडीत काढला. घागर गळत होती तर सांधायची होती, फोडली कशाला? संपत्ती कर २०१५ साली गेला. राहिल्या होत्या खासगी शाळांतल्या गरिबांच्या २५ टक्के जागा. जवळ सरकारी शाळा असली की त्यातूनही खासगी शाळांना सूट द्यायला आपलं राज्य सरकार फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालं होतं. जुलैत उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली म्हणून त्या जागा वाचल्या.

कोट्यवधींच्या वारशावर कर पुन्हा लावलाच पाहिजे, आणि त्यातला पहिला पैसा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहांना गेला पाहिजे. तोवर एक करा. वसतिगृह ट्रक हलण्याआधी उघडलं तरच पोरगी गावात राहते. तुमच्या भागातून टोळ्या जात असतील तर आमदाराला दसऱ्याआधी गाठा आणि वसतिगृह उघडायची तारीख लेखी मागून घ्या.