तुझ्या सॅकमध्ये जागा आहे ना?

सॅक घेण्याच्या बाजूने सगळ्यांत जोरदार मुद्दा असा मांडतात की हात मोकळे राहतात. राहतात, नाही असं नाही. पण आमच्या घरात कुणाचे हात मोकळे दिसले की लगेच त्यांत पिशवी येते. आणि पाठीवर सॅक दिसली की पिशवीतलं सामान सॅकमध्ये जातं. "तुझ्या सॅकमध्ये जागा आहे ना? मग हे ठेव." वाक्य प्रश्नार्थक असलं तरी उत्तरासाठी कुणी थांबत नाही. नवऱ्याचा चार्जर, मुलाची स्केटिंगची पॅडं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, लग्नात मिळालेला नारळ हे सगळं माझ्या पाठीवर बसून महाराष्ट्र हिंडलेलं आहे. त्यातल्या नारळाने तर सांगली ते डोंबिवली असा प्रवास केला आणि घरी येऊन नासका निघाला.

जुनी सॅक गेली ती आतून. बाहेरून धडधाकट होती. पण या सॅकांच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, तो दमट हवेत हळूहळू मोडतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. मुंबईच्या बाजूला त्यासाठी सॅक वापरायचीही गरज नाही, कपाटात ठेवली तरी काम होतं. लॅपटॉपवर भुगा, डब्यावर भुगा, काळ्या कुर्त्यावर तर नक्षीच. ऑफिसात एकीने काळजीने विचारलं, "खोबरं सांडलं का गं डब्यातलं?" तेव्हा नव्या सॅकचा विषय घरात निघाला.

मला काय हवं होतं? रोज डोंबिवली ते लोअर परळ लोकल, अधूनमधून ऑफिसच्या कामाने बंगळुरूचं विमान, सणावारी सासरी सांगलीला महालक्ष्मी एक्सप्रेस, आणि पावसाळ्यात जमलाच तर एखादा ट्रेक. या सगळ्याला मिळून एक सॅक. आता यांच्या मागण्या बघा. लोकलला सॅक चपटी लागते, कारण ती पाठीवर नसतेच. गाडीत शिरतानाच "सॅक पुढे घ्या हो!" असा पुकारा होतो आणि मग दादरपर्यंत ती पोटाशी धरून उभं राहायचं. विमानाला चौकोनी बरी. महालक्ष्मीला बर्थखाली जाणारी आणि साखळी-कुलूप लावता येणारी. आणि ट्रेकला उंच, निमुळती, पाठीला घट्ट चिकटणारी. एवढ्या अटी घालून तर लोक जावईसुद्धा शोधत नाहीत.

सल्ले सुरू झाले. ऑफिसातल्या ट्रेकवाल्यांनी एकमताने सांगितलं, पंचेचाळीस लिटरच्या खाली बघूच नकोस. ही तीच मंडळी, ज्यांनी हरिश्चंद्रगडावर घाम गाळत तंबू वाहून नेला आणि रात्री झोपली गुहेत. त्यांचं मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

नवऱ्याचं असं सोडून देता येत नाही. त्याने विषय अंगावर घेतला. लॅपटॉपवर तक्ता केला, रकान्यांना रंग दिले आणि जेवताना मला डेनिअर शिकवलं. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम भरेल, तितके डेनिअर. "म्हणजे असं बघ," तो म्हणाला, "सीएसएमटी ते दादर साधारण नऊ किलोमीटर. तेवढा लांब धागा ताणत नेला आणि मग गुंडाळून वजन केलं. सहाशे ग्रॅम भरलं तर तो ६०० डेनिअर."

"आणि भायखळ्याला त्यात कुणाचा पाय अडकला तर?"

यावर त्याने भाताचा घास घेतला. मग म्हणाला, नुसत्या आकड्याला भुलायचं नाही, सारख्याच डेनिअरचं नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासाघाशीला जास्त टिकतं. हे मात्र खरं आणि उपयोगाचं आहे. लोकलमध्ये सॅकची जेवढी घासाघाशी होते तेवढी हिमालयातही होत नसेल. पण त्याच्या तक्त्यात पहिल्या नंबरावर आलेल्या सॅकला बर्फात चढायची कुऱ्हाड अडकवण्यासाठी दोन फासे होते. चाळीस लिटर, कमरेला जाड पट्टा, पाठीला जाळी, आणि कुऱ्हाडीचे फासे. डोंबिवलीत बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो आणि तो स्वतःच किसून देतो.

मी दुकानात गेले ती रोजचं सामान घेऊन. लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, तीन पुडी स्टीलचा डबा, लिटरची बाटली, छत्री आणि भाजीसाठी घडीची कापडी पिशवी. दुकानातल्या सॅका नेहमी गुबगुबीत दिसतात, कारण त्यांच्या पोटात कागदाचे बोळे असतात. मी ते काढायला लावले. विक्रेत्या मुलाला हे आवडलं नाही. बोळे संपता संपेनात, आणि शेवटी त्याच्या पायाशी कागदांचा ढीग आणि हातात एक लुळी पडलेली सॅक उरली. तरी तो धीराचा. त्याने बाटलीतलं पाणी सॅकवर ओतलं. थेंब घरंगळले.

"बघा मॅडम, वॉटरप्रूफ."

"आता चेनवर ओता."

त्याने बाटलीला झाकण लावलं. कापड पाणी अडवतं, शिवण आणि चेन अडवत नाहीत, म्हणून तर बुडाच्या कप्प्यात रेनकव्हर देतात. आणि रेनकव्हर घातलं तरी पाठीकडची बाजू उघडीच राहते. छत्रीवरून मानेवर आलेलं पाणी पाठीवाटे अगदी सरळ सॅकमध्ये उतरतं. आपल्याकडच्या जुलैमध्ये लॅपटॉप आतमध्ये एका साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, बाकी सगळ्या गप्पा.

मग त्याने चेनवरची वायकेके ही अक्षरं दाखवली. जपानमधली १९३४ सालापासूनची कंपनी आहे, चेन चांगली असते, मान्य. पण अक्षरं काय, कुणीही उमटवतो. मी बघते तो रनर. चेन मरते ती दात पडून नाही, रनर सैल होऊन. तो घासला की पुढे चेन लागत जाते आणि मागे उघडत जाते. स्टेशनबाहेर चेन दुरुस्त करणारे काका असतात, ते पक्कडीने रनर चिमटून देतात, त्यावर काही महिने निघतात. तेव्हा सॅक भरून, एका हाताने, कोपऱ्यावरून रनर फिरवून बघायचा. तिथे अडकला तर ठाण्याला गाडीतही अडकणार.

आता भरायची वेळ आली. ऑफिसची म्हणून मिळणारी सॅक उघडली की आत पेनांचे खण ओळीने उभे असतात. एवढी पेनं आता कारकुनाकडेही नसतात. कार्डांना खण, केबलला जाळी, चष्म्याला मखमली कप्पा. फक्त डबा उभा राहील अशी जागा नाही. सॅक बनवणारे लोक दुपारी काय जेवतात ते तिच्यात डोकावल्यावर कळतं. सँडविच. आमटी नावाचा पदार्थ आडवा ठेवायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी डबा तळाशी उभा ठेवला, सॅक पाठीला लावली, दुकानात एक फेरी मारली, चपलेचा पट्टा लावल्यासारखी वाकले आणि उघडून बघितलं. डबा आडवा. दुसरी सॅक. डबा आडवा. तोवर दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून माझ्याभोवती जमली होती.

नातवाचं दप्तर घ्यायला आलेले एक आजोबा पुढे झाले. "अहो ताई, डब्याचं राहू द्या, लॅपटॉपचं बघा." त्यांनी माझ्या हातातली सॅक घेतली, लॅपटॉपच्या जागी काउंटरवरची कॅल्शियमच्या जाहिरातीची पाटी घातली आणि सॅक जमिनीवर ठेवली. टक् असा आवाज आला. "ऐकलंत? कप्पा थेट बुडाला टेकतो. रोज खाली ठेवाल तेव्हा लॅपटॉप आपटणार. तो वर लोंबता पाहिजे." पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी दुकानातल्या सगळ्या सॅका अशा टकटकवल्या. नातवाचं दप्तर राहून गेलं असावं.

विक्रेत्या मुलाने शेवटचा डाव टाकला. छातीवरच्या पट्ट्याच्या बकलात शिट्टी असते. "जंगलात हरवलात तर, मॅडम." सॅकवरची ही एकच वस्तू मला काहीही न तपासता नको होती. लेडीज डब्यात वाढलेल्या बाईला आवाज पोचवायला शिट्टी लागत नाही.

लिटरचा हिशेब मात्र घरी येऊन केला, कारण दुकानात लिटर सांगतात आणि पाठीला कळतात ते किलो. देशातल्या विमानांत साधारण ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची बॅग सोबत नेता येते. गुणाकार केला तर हे खोकं ४८ लिटरचं भरतं. म्हणजे जागा ४८ लिटर आणि वजन ७ किलो. एवढ्या जागेत ७ किलोच भरायचे तर आत मुख्यतः हवा न्यावी लागेल. योगायोग बघा, २०२०च्या शालेय दप्तर धोरणातही मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड दप्तर नको असं म्हटलं आहे. मोठ्या माणसाचं वजन ७० किलो धरलं (धरायचं आहे, कुणाचं ते विचारायचं नाही), तर दप्तर आलं ७ किलो. शिक्षण खातं आणि विमान कंपन्या यांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर नसेल. त्यात पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती सोबतच न्यावी लागते. नवऱ्याची वीस हजार एमएएचची आहे, म्हणजे ७४ वॉट-अवर, शंभरच्या मर्यादेत, नियमात अगदी चोख बसते. नियमात बसली की माझ्या सॅकमध्ये बसते.

पण लिटर आणि किलो यांतला खरा फरक मला सांगलीने शिकवला. सासूबाई निघताना दोन वस्तू देतात: भडंग आणि काकवी. भडंगाला वजन नाही, पण एका किलोत सॅक गळ्यापर्यंत येते. काकवीला जागा लागत नाही, पण दोन बाटल्यांत खांदे उतरतात, आणि बाटली आडवी झाली तर पुढचा सगळा प्रवास मुंग्यांसोबत. वीस लिटरची सॅक नेली तरी ती भरते, पस्तीसची नेली तरी भरते, कारण सासूबाई सॅक बघून बांधाबांध करतात. सॅकमध्ये जागा शिल्लक दिसली की त्यांना सून उपाशी चालल्यासारखं वाटतं.

म्हणून मी चोवीस लिटरची घेतली. वर्षातले बहुतेक दिवस मी सांगलीला जात नाही, लोअर परळला जाते. सॅक रोजच्या दिवसाच्या मापाची घ्यावी, सणाच्या मापाची नाही, सणाला दुसरी बॅग असतेच. रंग करडा, कारण लोकलची काजळी करड्यावर दिसत नाही. तिन्ही बाजूंनी उघडते, त्यामुळे बंगळुरूच्या दोन दिवसांचे कपडे घडी न मोडता बसतात. कमरेचा पट्टा काढून ठेवता येतो. दहा-बारा किलो असतील तर तो भार कमरेवर घेतो आणि खांद्यांना सोडवतो, पण डोंबिवलीला चढताना दुसऱ्या कुणाच्या तरी ओढणीत अडकतो. डबा उभा राहतो. तेसुद्धा घडीची कापडी पिशवी बाजूला पाचरीसारखी खुपसली तर, पण राहतो.

दिवाळीला सांगलीला गेलो. निघायच्या दिवशी सासूबाईंनी माझी सॅक हातात घेतली, वितीने मापली, आत हात घालून चाचपली. साडी, टॉवेल, औषधं, पॉवर बँक. काठोकाठ.

"एवढीशीच आणलीस? हिच्यात काय मावणार गं?"

"काही नाही, आई," मी म्हटलं. इतक्या मनापासून मी त्यांच्याशी क्वचितच बोलते.

त्यांचा नाइलाज झाला. भडंगाची पिशवी मुलाच्या गळ्यात आणि काकवीच्या बाटल्या नवऱ्याच्या हातात गेल्या. बर्थवर बाटल्या उभ्या राहीनात, खाली ठेवल्या तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागत होते. नवरा रात्री बराच वेळ दोन्ही बाटल्या मांडीवर घेऊन बसला होता. सातारा गेलं तेव्हा मी एकदा डोळे उघडून बघितलं आणि कूस बदलली. सकाळी कल्याणला उतरून डोंबिवलीची लोकल पकडताना त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "ती चाळीस लिटरची केवढ्याला होती गं?"

आता तक्ता पुन्हा उघडला आहे. त्यात एक नवा रकाना आहे: बाटली उभी राहते का. पहिल्या नंबरावर अजून ती कुऱ्हाडीच्या फाशांवालीच आहे. फाशात छत्री अडकवता येईल, असं तो म्हणतो.

मी म्हटलं, घे. चाळीस लिटरचीच घे.