फलासक्त अकर्मयोग

गीतेने माणसाला कर्माचा अधिकार दिला आणि फळावरचा हक्क काढून घेतला. फुटबॉलचा प्रेक्षक ही व्यवस्था नेमकी उलटी करतो, कारण मैदानावरील कर्माशी त्याचा काडीइतकाही संबंध नसतो आणि फळाखेरीज दुसरे काही त्याला नको असते. या अवस्थेला फलासक्त अकर्मयोग म्हणता येईल. क्रिकेटमध्ये दर षटकाला काही ना काही पदरात पडते. येथे ९० मिनिटे घसा कोरडा करूनही ०-० हे फळ हाती येऊ शकते.

या योगाचे महाराष्ट्रातील पीठ म्हणजे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही येथील संघांची नावे तालमींची, म्हणजे मूळच्या कुस्तीच्या आखाड्यांची असल्यामुळे, हरतो तो संघ नव्हे, अख्खी पेठ. गोलासमोर चेंडू आला की फटका खेळाडूने मारायचा असतो, पण पाय उचलला जातो पायरीवरच्या प्रेक्षकाचा आणि तो पुढच्याच्या पाठीत बसतो. पुढचाही त्याच क्षणी आपल्या पुढच्याची पाठ शेकत असल्यामुळे तक्रार उद्भवत नाही. सहकाऱ्याने चेंडू देताना प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असणे म्हणजे ऑफसाइड. पंचाला चुकणारा हा निवाडा पेठेची दृष्टी लांबूनही अचूक करते, मात्र केवळ समोरच्या संघाच्या बाबतीत.

अकर्मी असूनही कर्तेपणाचा अहंकार सुटत नाही, ही या दर्शनातील खरी अडचण होय. विश्वचषक आला की कोल्हापूर ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटले जाते. २०१४ च्या उपांत्य सामन्यात, भारतात रात्रीचा दीड वाजून गेल्यावर, जर्मनीने २३ ते २९ या मिनिटांत ब्राझीलवर चार गोल चढवले. एवढ्या अवधीत ज्याने चहाचे आधण ठेवले, त्याला परतल्यावर एकच गोल पुन्हापुन्हा दाखवत असल्याचा भास व्हावा, हे स्वाभाविकच. परंतु सामना १-७ असा गेल्यावर ब्राझीलच्या बचावफळीची चूक मान्य करूनही घरातली मंडळी अशा उठणाऱ्याला निर्दोष सोडत नाहीत. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीला चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवावा आणि नेदरलँड्सने ब्राझीलला ०-३ असे हरवावे, म्हणजे पनवती थर्मास ठरतो.